बिघाड झाला, एवढे तरी म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला म्हणून नागपूरकर कुरकुरत नाही, ऊन आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे. यंदा मात्र माणसांआधी यंत्रांनीच मान टाकली. आमच्या मानेवाड्यातल्या घरी एकाच आठवड्यात इन्व्हर्टर, कुलर, वॉशिंग मशीन आणि शेवटी मोबाइलवरून होणारा व्यवहार, असे सगळे एकामागून एक बसले. इन्व्हर्टरचे थोडक्यात निभावले. बॅटरीतले पाणी आटले होते, ते भरले आणि दिवे लागले.

कुलरचा पंखा भर दुपारी नुसता घुमत होता, फिरत नव्हता. कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला, लाइट बंद करून त्याने पाते बोटाने ढकलून पाहिले. "मोटार चांगली आहे काकू, कंडेन्सर गेला." पिशवीतून नवा काढला, दोन वायरी जोडल्या आणि त्याच्यासाठी ठेवलेला चहा उकळायच्या आत हवा सुरू झाली. गेलेला कंडेन्सर त्याने माझ्या हातावर ठेवला, फुगलेला होता. काय बिघडले ते मला डोळ्यांनी दिसले.

आता वॉशिंग मशीन. पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा लुकलुकत राहिला. कंपनीचा माणूस आला आणि झाकणही न उघडता म्हणाला, "पूर्ण बोर्डच बदलावा लागते." कशाने गेला? "हीट." बोर्डाची किंमत ऐकून सासूबाईंनी मुकाट्याने बादली आणि धोपाटणे काढले. ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क मिळावा म्हणून केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात खास पोर्टल सुरू केले, हे मी त्याला सांगितले. त्याने ते नावही ऐकलेले नव्हते. त्याला तरी काय बोलणार, त्याला बोर्ड बदलण्याचेच शिकवले आहे.

पण हे पत्र लिहायला बसवले ते बँकेने. किराणा दुकानात क्यूआर स्कॅन केला, खात्यातून १,८४० रुपये वजा झाल्याचा मेसेज आला आणि काउंटरवरची ती बोलकी पेटी गप्पच. दुकानदार बिचारा म्हणाला, "ताई, इकडे नाही आले." पर्समधल्या नोटा मोजून दिल्या. शाखेत गेले तर "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." उद्या गेले तर तेच. अ‍ॅपमधल्या मदतनीसाने दाखवलेल्या यादीत माझा प्रश्नच नव्हता. आणि "सर्व्हर डाऊन" म्हणणाऱ्याचा सूर असा की जणू ढग आले आहेत, त्याला कोण काय करणार!

प्रत्यक्षात याचा नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून वजा झाले पण त्याला पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. एकाने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेल्या पैशांसाठी मुदत एकच दिवस. त्यापुढे उशीर झाला की दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने आपणहून द्यायची. आमच्या शाखेच्या भिंतीवर कर्जाच्या जाहिराती आहेत, हा नियम कुठेही नाही.

आपल्याच शहरातले एक उदाहरण मला आठवते. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. देशभर बोंबाबोंब झाली. शहराचा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा, त्यामुळे जाणत्यांना शंका आलीच होती. हवामान विभागाने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचे जाहीर सांगून टाकले. उन्हात यंत्र चुकणारच, त्यात लाज कसली? त्या खात्याने जे केले ते माझ्या बँकेला आणि त्या कंपनीला का जमू नये? काय बिघडले, कधी नीट होईल आणि तोवर काय करायचे, एवढे तीन ओळींत लिहून काउंटरवर लावायला कोणता सर्व्हर लागतो?

माझ्या सासऱ्यांसारख्यांचे तर आणखी कठीण. त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत, आधारची ओळख पटवणारे यंत्र त्यांना ओळखत नाही, आणि खिडकीतला मुलगा पुन्हा पुन्हा "बाबा, जोरात दाबा" म्हणतो. बोट जोरात दाबून रेषा परत उगवत नाहीत. डोळ्यांची किंवा चेहऱ्याची ओळख, नाहीतर ओटीपी, असे दुसरे मार्ग असतात. ते विचारण्याआधीच त्याने पुढच्याला हाक मारली.

माझ्या १,८४० रुपयांची पाच दिवसांची मुदत मंगळवारी संपते. बुधवारी मी परिपत्रकाची प्रत घेऊन शाखेत जाणार आहे आणि तक्रारीची पोच लेखी मागणार आहे. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते, त्यासाठी ही पोच लागेल. आपल्या वाचकांपैकी कुणाचे पैसे असे अडकले असतील तर त्यांनीही ती मागून घ्यावी.

आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, मानेवाडा, नागपूर