कर्ण्यातून ऐकलेला तानपुरा

धरमपेठ, नागपूर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

बाजारात सुबक स्पीकर मिळत असताना मी कपाटाएवढी दोन लाकडी खोकी घरात का आणली, असे तू विचारले होतेस. ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून लिहायला बसलो.

ही खोकी म्हणजे स्पीकरच. या प्रत्येक खोक्यात आठ इंची कागदी कोनाचा एकच ड्रायव्हर, म्हणजे कंप पावून आवाज काढणारा भाग, आहे आणि त्याच्या मध्यभागी चिकटवलेला लहान कागदी शंकू वरचे सूर सांभाळतो. खालच्या सुरांना वूफर, वरच्यांना ट्विटर अशी वाटणी नाही, म्हणून ती वाटणी करणारे क्रॉसओव्हरचे सर्किटही नाही. नेहमीच्या स्पीकरमध्ये ही वाटणी बहुधा दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास होते, आणि आपला कान त्याच पट्ट्यात फार तीक्ष्ण असतो. त्यामुळे गायकाचा ‘आ’कार एका कोनातून आणि व्यंजनांची धार दुसऱ्यातून येते. इथल्या महाल भागातल्या वाड्यात आपण माइकशिवाय ऐकलेली ती बैठक तुला आठवत असेल. तेथे आवाज मोठा नव्हता, पण तो एका माणसाच्या छातीतून निघून आपल्यापर्यंत अखंड येत होता. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, आणि गळा असे एकसंध मला घरात प्रथमच ऐकू आले. अमीर खाँसाहेबांचा खर्जातला संथ आलाप मी त्या रात्री तीनदा लावला.

कोनाच्या मागच्या बाजूचा आवाज खोक्याच्या आत घड्या घातलेल्या, हळूहळू रुंदावत जाणाऱ्या मार्गाने सुमारे तीन मीटर फिरून बाहेर येतो. हा मार्ग म्हणजेच कर्णा. हलक्या कोनाला हवेवर नीट पकड मिळवून देणे हेच त्याचे काम. जुन्या ग्रामोफोनचा कर्णाही तेच करीत असे. हलका कोन आणि कर्णा यांच्या जोडीमुळे एका वॅटला एक मीटर अंतरावर ९७ डेसिबल इतका आवाज मिळतो. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जेथे ८० वॅट लागतील, तेथे येथे आठ पुरतात आणि प्रत्येक खोक्याला अँप्लिफायरमधल्या एकाच ३०० बी व्हॉल्व्हवर (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळीवर) भागते. ही वाट इंग्लंडमध्ये अभियंता पॉल व्हॉइट यांनी १९३० च्या दशकात घरगुती कर्ण्यांसाठी रुळवली. पुढे तिथल्याच लोथर कंपनीने ती चालवली, आणि जपानच्या फॉस्टेक्सचे असे ड्रायव्हर आजही मिळतात.

याच्या उणिवा तुझ्यापासून लपवणार नाही. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते. तिला पुरेल एवढे कर्ण्याचे तोंड घरात मावत नाही, त्यामुळे तबल्यातल्या बायाँचा अगदी खोल घुमारा थोडा हरवतो. मी आधी खोकी खिडकीजवळ ठेवली तेव्हा आवाज अगदी कोरडा वाटला. कोपऱ्यात नेल्यावर दोन्ही भिंती जणू कर्ण्याचाच पुढचा भाग झाल्या आणि आवाजाचे अंग भरले. वरचे सूर अरुंद झोतासारखे येतात, म्हणून नीट ऐकण्याची जागा एकच आहे. मोठ्या वाद्यवृंदासाठी मी हे कोणाला सुचवणार नाही. गळा, सारंगी, सतार यांसाठी मात्र मला दुसरे काही नको.

एप्रिलपासून जूनपर्यंत कूलरच्या घरघरीत यातले बारकावे बुडून जातात, तेव्हा तू डिसेंबरातच ये. तुझ्याकडची ती सारंगीची रेकॉर्ड घेऊन ये. ती मधली खुर्ची तुझी. मी मागे, दाराशी बसेन.

तुझा,
श्रीकांत