कळसूबाईला एव्हरेस्टची उपमा कशासाठी?

महोदय,

पावसाळा ओसरू लागला की कळसूबाई शिखरावरील लेखांना आणि सहलींच्या जाहिरातींना बहर येतो, आणि त्यांत ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. १,६४६ मीटर उंचीचे हे शिखर राज्यात सर्वांत उंच आहे, एवढाच काय तो या उपमेला आधार. बाकी घडण, खडक आणि नाव यांपैकी एकाही बाबतीत या दोन पर्वतांचे जुळत नाही.

एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला असून त्यात सागरी जीवांचे अवशेष सापडतात. भारतीय भूपट्ट आशियाला धडकल्यामुळे तो एवढ्या उंचीवर पोहोचला. कळसूबाईचा खडक मात्र बेसॉल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचातील लांबलचक भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले आणि त्यांचे विस्तीर्ण पठार झाले. पुढे पावसाने आणि नद्यांनी ते कोरत नेले व जे झिजायचे राहिले त्याला आज आपण शिखर म्हणतो. त्यामुळे कळसूबाईला ‘मृत ज्वालामुखी’ म्हणणेही चूकच आहे, कारण हा डोंगर कोणत्याही ज्वालामुखीचा शंकू नव्हे. गंमत अशी, की दख्खनच्या लाव्हाथरांच्या शास्त्रीय वर्गीकरणात पश्चिम घाटातील सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला राज्यातील या सर्वांत उंच शिखराचे नाव दिलेले आहे. हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले असल्याने महाबळेश्वरच्या माथ्यावरचा खडक उंचीने कमी असूनही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा वयाने लहान ठरतो.

‘सह्याद्रीतील सर्वोच्च शिखर’ हे वर्णनही तपासून घ्यावे. सह्याद्री म्हणजे संपूर्ण पश्चिम घाट असे मानले, तर तो मान केरळमधील २,६९५ मीटर उंचीच्या अनैमुडीचा आहे. शिवाय कळसूबाई घाटाच्या मुख्य धारेवर नाही. अलंग, मदन व कुलंग हे दुर्ग अंगावर घेऊन मुख्य धारेपासून पूर्वेकडे गेलेल्या फाट्यावर, अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या सीमेवर ते उभे आहे. या रांगेच्या उत्तर उताराचे पाणी दारणेला आणि दक्षिण उताराचे प्रवरेला मिळते. दोन्ही नद्या शेवटी गोदावरीतच जातात, पण एक नाशिक जिल्ह्यात आणि दुसरी थेट नेवासे तालुक्यात.

नावाच्या बाबतीत तर ही तुलना अगदीच विसंगत वाटते. सर्वेक्षणाच्या कागदांत ‘शिखर क्रमांक १५’ असलेल्या पर्वताला भारताचे तत्कालीन ब्रिटिश सर्वेक्षण प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये आपले पूर्वाधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव सुचवले. त्याला खुद्द एव्हरेस्ट यांचाच आक्षेप होता, तरीही १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते स्वीकारले आणि तिबेटी लोकांचे चोमोलुंग्मा हे नाव जगाच्या नकाशावर मागे पडले. कळसूबाईचे नाव कोणत्याही कार्यालयात ठरलेले नाही. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, या अटीवर घरकामाला राहिलेली कळसू नावाची कोळ्यांची मुलगी, अट मोडली जाताच डोंगरावर निघून गेली आणि अखेरपर्यंत तेथेच राहिली, अशी लोककथा आहे. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला ती काळदरा, अशी त्या कथेतली ठिकाणेही लोकांनी नावानिशी जपली आहेत. स्वतःच्या अटीवर जगलेल्या या मुलीच्या डोंगराची ओळख एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावाने करून द्यावी, हे निदान मला तरी पटत नाही.

तेव्हा आपल्या वृत्तपत्रापुरते तरी या शिखराचे वर्णन ‘महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर’ एवढेच छापावे आणि उपमेसाठी खर्ची पडणाऱ्या जागेत तेथील खडकाची व कळसूच्या कथेची माहिती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक