बटण आधी उलटं कर

महाल, नागपूर

प्रिय गड्या,

कामठीकडच्या तुमच्या वावरात मेटल डिटेक्टरने निघालेल्या, इंग्रजी अमदानीतल्या वर्दीच्या बटणांचे फोटो मिळाले. जाम आनंद झाला. पण आधी एक विनंती: आता एकही बटण घासू नकोस. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी तर नकोच. त्या हिरव्या कळंकाखाली सोन्याचा मुलामा शिल्लक असू शकतो आणि तो गेला की अर्धा पुरावा गेला. साधं पाणी, मऊ ब्रश आणि खाचेत बांबूची काडी, एवढंच.

फोटो तू सगळे समोरून काढलेस. बटण उलटं कर. मागची कडी बटणासोबतच ओतलेली आहे की डाग देऊन बसवलेली? पुढचा-मागचा पत्रा वेगळा आणि कड दुमडलेली असेल, तर माल सहसा 1813 नंतरचा. त्या वर्षी बेंजामिन सँडर्सने अशा बटणांचं पेटंट इंग्लंडमध्ये घेतलं. मग भिंगातून गोलाकार कोरलेली अक्षरं वाच. तिथे कारखानदाराचं नाव आणि गाव असतं, कधी पत्ताही. एकच कारखाना पेढीचं नाव आणि पत्ता बदलत गेला आणि त्यावरून काळ ठरवता येतो, म्हणून प्रत्येक अक्षर जसंच्या तसं उतरवून घे.

आता तुझ्या दुसऱ्या फोटोतला मुकुट. त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या दिसतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1901 मध्ये व्हिक्टोरिया राणी गेल्यावर बटणांवर राजाचा मुकुट आला, त्याच्या कमानी घुमटासारख्या वर उचललेल्या. दबलेल्या कमानी पुन्हा आल्या त्या एलिझाबेथ राणीच्या काळात, आणि तोवर इथून गोरी फौज केव्हाच गेली होती. म्हणजे तुझं बटण बहुधा व्हिक्टोरियाच्या काळातलं. कामठीची छावणी 1821 पासूनची, त्यामुळे मेळ बसतो.

आकडा असलेल्या बटणाबाबत मात्र घाई नको. गोऱ्या पायदळाच्या साध्या शिपायांची पलटणीच्या आकड्याची बटणं 1871 ला बंद झाली आणि सगळ्यांना राजचिन्हाचं एकच बटण मिळालं; अधिकाऱ्यांचे आकडे 1881 पर्यंत टिकले. पण देशी पलटणींवर आकडे त्यानंतरही होते. तेव्हा नुसत्या आकड्यावर तारीख ठोकू नये. धातू बघ: 1855 च्या आधी गोऱ्या शिपायांची बटणं कथील-शिशाच्या मिश्रधातूची असत, नंतर पितळेची.

बीएनआर अक्षरांचं बटण सोपं आहे. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी 1887 ची, त्याआधीचं ते असूच शकत नाही.

प्रत्येक बटण वेगळ्या कागदी पाकिटात ठेव आणि वावराच्या नकाशावर जागा खूण कर. जवळजवळ निघालेली बटणं बहुधा एकाच अंगरख्याची असतात, आणि ही माहिती नंतर कुठूनच मिळत नाही. संरक्षित वास्तूंच्या आसपास यंत्र नेऊच नकोस. आणि 1878 च्या कायद्याने जमिनीत दडलेला 10 रुपयांवरचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, हेही घरच्यांना सांगून ठेव.

वेळ मिळाला की दोघं अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, जाऊन तिथल्या जाणकारांना दाखवू. तोवर मागच्या बाजूचे फोटो पाठव, तिरप्या उजेडात काढलेले, शेजारी पट्टी ठेवून. काकूंना नमस्कार.

तुझाच