रजोनिवृत्तीत संप्रेरकांखेरीज औषधेही आहेत

महोदय,

रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून उठणाऱ्या गरम वाफा आणि रात्रीचा घाम यांवर संप्रेरकांचे उपचार सर्वांत परिणामकारक असले, तरी स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांना ते सहसा देता येत नाहीत, आणि अशा स्त्रियांची ‘सहन करा’ एवढ्यावर बोळवण होणे अन्यायाचे आहे. नैराश्यावरील व्हेन्लाफॅक्सिन कमी मात्रेत दिल्यास या वाफा कमी होतात. फिटांवरील गॅबापेन्टिनचाही उपयोग होतो. पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरील दुसऱ्या औषधाच्या ७.५ मिलिग्रॅम मात्रेला अमेरिकेत २०१३ मध्ये याच कारणासाठी मान्यता मिळाली; मात्र टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध घेणाऱ्या स्त्रियांनी ते टाळावे, कारण टॅमॉक्सिफेनला यकृतात सक्रिय रूप देणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) पॅरॉक्सेटिन अडवते. मेंदूतील तापमाननियंत्रक केंद्रावर काम करणाऱ्या फेझोलिनेटंटला तेथे मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली, परंतु यकृताला गंभीर इजा होण्याच्या शक्यतेमुळे डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा आला. त्यामुळे यकृताच्या रक्ततपासण्या वेळोवेळी केल्याशिवाय ते घेऊ नये. योनीमार्गाच्या कोरडेपणावर मात्र या गोळ्यांचा उपयोग होत नाही. त्यासाठी संप्रेरकविरहित मलमे व वंगणे वेगळी मिळतात, आणि ती मागताना संकोचण्याचे कारण नाही.

– एक वाचक, सांगली