पोप सिक्स्तस यांच्या थडग्यापाशी

रोम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रोमन सम्राटांनी केलेल्या छळाच्या काळात ख्रिस्ती लोक रोमच्या भुयारांत लपून राहत होते का, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. लहानपणापासून आपण तेच ऐकत आलो, पण ते खरं नाही. ही भुयारं म्हणजे दफनभूमी. रोमन कायद्याने शहराच्या वेशीआत प्रेत पुरायला मनाई होती, त्यामुळे सगळेच आपले मृत बाहेर, मोठ्या रस्त्यांच्या कडेने पुरत. जमीन महाग, माणसं बहुतेक गरीब, आणि ख्रिस्ती लोकांना प्रेत जाळायचं नव्हतं. मग आडवं पसरण्याऐवजी ते खाली खणत गेले. या जागा कुठे आहेत हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. लपायला तिथे कोण जाईल?

मी पाहिली ती व्हाया आप्पिया या जुन्या रोमन रस्त्यावरची संत कॅलिक्स्तस यांच्या नावाची दफनभूमी. हे कॅलिक्स्तस एके काळी गुलाम होते. इ.स. 199 च्या सुमारास पोप झेफिरिनस यांनी या जागेची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवली, आणि पुढे ते स्वतः पोप झाले. इथला दगड ज्वालामुखीच्या राखेचा, टफ म्हणतात तो. आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखाच, खणताना मऊ आणि वारा लागला की कठीण. त्यामुळेच जवळजवळ वीस किलोमीटरचे बोळ एकाखाली एक चार थरांत काढता आले. दोन्ही बाजूंच्या भिंतींत माणूस आडवा मावेल असे कोनाडे, एकावर एक. त्यांत हातभर लांबीचे किती तरी. लहान मुलांचे. तिथून मला लवकर पुढे जाववेना, आणि मार्गदर्शक तर थांबू देईना.

पण मला सांगायचंय ते एका खोलीबद्दल. तिला पोपांचं दफनगृह म्हणतात. तिसऱ्या शतकातले नऊ पोप इथे पुरले होते. पाच जणांच्या शिळा सापडल्या आहेत : पोन्तियानुस, आन्तेरुस, फाबियानुस, लुसियस, युतिकियानुस. अक्षरं ग्रीक, कारण रोमच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा अजून ग्रीक वापरात होती. आणि शिळांवर काय कोरलंय? नाव, 'बिशप' एवढा हुद्दा (पोप म्हणजे रोमचे बिशप), बस्स. ना गुणगान, ना वंशावळ. फाबियानुस यांना 250 साली मारलं, त्यांच्या शिळेवर 'रक्तसाक्षी', म्हणजे श्रद्धेसाठी मेलेला, ही खूण आहे, तीही मागाहून कोरलेली.

याच खोलीत सिक्स्तस होते. त्या नावाचे दुसरे पोप. तुला हे नाव ओळखीचं नसेल, पण मी ते लहानपणापासून मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेत, ऐकत आलोय. मिस्सातल्या पहिल्या युखरिस्तिक प्रार्थनेत ओळीने संतांची नावं येतात : लायनस, क्लीटस, क्लेमेंट, सिक्स्तस, कॉर्नेलियस, सायप्रियन. वसईच्या आमच्या चर्चमध्ये फादर ती भराभर म्हणून पुढे जायचे. त्या नावांतली दोन माणसं, सिक्स्तस आणि पोप कॉर्नेलियस, याच दफनभूमीत पुरलेली होती, आणि मी ती नावं नुसती पाठ करत होतो!

आता त्यांची हकिगत ऐक. 257 साली सम्राट वालेरियनने फर्मान काढलं, की ख्रिस्ती लोकांनी सभा भरवायच्या नाहीत आणि दफनभूमीत पाऊल टाकायचं नाही. म्हणजे आपल्या मेलेल्या माणसांजवळ जायलाच बंदी. दुसऱ्या वर्षी हुकूम आणखी कडक झाला : बिशप, पुरोहित, दीकन (पुरोहितांच्या खालचे धर्मसेवक) हाती लागले की तत्काळ देहदंड. सिक्स्तस पोप होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या बिशप सायप्रियन यांनी रोमला माणसं पाठवून बातमी आणवली आणि सोबतच्या एका बिशपला लिहून कळवली. ते पत्र आजही आहे. 6 ऑगस्टला सिक्स्तस यांना चार दीकनांसह दफनभूमीत मारलं, त्यांच्याबद्दल एवढंच त्यात आहे. रडारड नाही. पुढच्याच महिन्यात, 14 सप्टेंबरला, सायप्रियनही मारले गेले.

बाकीचं पोप डामासस सांगतात, शंभरएक वर्षांनंतर. सिक्स्तस यांच्या थडग्यासाठी त्यांनी एक कविता रचली होती. सिक्स्तस आसनावर बसून शिकवत होते. सैनिक अचानक आले. लोकांनी आपल्या माना पुढे केल्या. म्हाताऱ्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने सर्वांआधी स्वतःचं डोकं पुढे केलं, दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून. सायप्रियन यांच्या चरित्रात सिक्स्तस यांना 'भला आणि शांतताप्रिय' म्हटलंय. मला ते विशेषण या प्रसंगाला अगदी शोभतं असं वाटतं.

मित्रा, मला हलवून गेलं ते हे. हा माणूस लपलेला असताना सापडला, असं नाही. जायचं नाही असं सांगितलेल्या ठिकाणी तो आपल्या लोकांना घेऊन उघड बसला होता, कारण ती त्यांच्या मेलेल्यांची जागा होती. वालेरियन पुढे इराणच्या राजाच्या कैदेत गेला, आणि त्याच्या मुलाने, गालियेनसने, दफनभूम्या परत केल्या. ज्या हक्कासाठी सिक्स्तस मेले तो दोन-तीन वर्षांतच मिळाला.

डामासस यांचा आणखी एक लेख याच खोलीत आहे. इथे कोण कोण आहेत ते त्यात सांगितलंय : सिक्स्तस यांचे सोबती, तरुण, मुलं, म्हातारे. शेवटी ते म्हणतात, की मलाही इथेच देह ठेवायचा होता, पण या पुण्यवंतांच्या राखेला त्रास होईल अशी भीती वाटली. ते खरंच दुसरीकडे पुरले गेले, आई आणि बहिणीजवळ. पोप होते, जागा मागितली असती तर नाही कोण म्हणणार होतं? तो लेख चक्काचूर झालेला सापडला, आणि जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांनी 1854 मध्ये हे दफनगृह शोधल्यावर त्याचे तुकडे जुळवले. त्याआधी 1849 मध्ये त्यांना एका द्राक्षमळ्यात कॉर्नेलियस यांच्या शिळेचा अर्धा तुकडा मिळाला होता, तिथून हा सगळा माग लागला. कॉर्नेलियस यांच्या थडग्याजवळ भिंतीवर ते स्वतः, सायप्रियन आणि सिक्स्तस असे रंगवलेत. मिस्सातली तीन नावं, त्याच ओळीतली.

थडगी आता रिकामी आहेत. शहराबाहेर लुटालूट वाढली तशा अस्थी शहरातल्या चर्चमध्ये नेल्या. शेजारच्याच खोलीतल्या संत सिसिलिया यांच्या अस्थी पोप पास्काल यांनी 821 साली रोममधल्याच त्रास्तेव्हेरे भागात नेल्या. सोबतच्या एका बाईंनी विचारलं, की मग इथे बघायचं तरी काय? मला तो प्रश्न पडलाच नाही. आमच्या दफनभूमीत आजोबांच्या कबरीवर मी दर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्ती लावतो, आणि तिथे जाऊ नका असं कुणी बजावलं तर मी काय करीन, एवढाच विचार मी तिथे उभा राहून करत होतो. मी सिक्स्तस यांच्याइतका धीट नाही. पण जाईन, असं वाटतं.

तुझ्या सोपाऱ्याचाही यात धागा आहे. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. त्यांचे सोबती जोर्दानुस यांनी प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली, आणि नंतर ओदोरिक नावाचे प्रवासी त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत घेऊन गेले. त्या चौघांबद्दल तुझ्या इतिहासाच्या सरांशी जरूर बोल. आपल्या भागातल्या मुलांना सिक्स्तस यांच्याआधी हे चौघे कळायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

तू येशील तेव्हा बुधवार टाळ, त्या दिवशी इथे बंद असतं. आत फोटो काढू देत नाहीत, आणि उन्हाळ्यातही गारवा असतो, तेव्हा अंगावर काहीतरी घे. काकूंना माझा नमस्कार, आणि परीक्षेचं काय झालं ते लगेच कळव.

तुझाच,
वसईकर