शोलाकिळीच्या गाण्यात पडलेली दरी : केंद्रीय वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

सह्याद्रीच्या दक्षिण भागातील डोंगरमाथ्यांवर, साधारण १,४०० मीटरच्या वर, शोला नावाची बुटकी, शेवाळलेली जंगले आहेत आणि त्यांत जमिनीलगत वावरणारा, चिमणीएवढा निळसर पक्षी राहतो, तो शोलाकिळी. कोडाईकनालच्या एका शोलात पहाटे मी ओढ्याकाठी उभा होतो. पक्षी दिसला नाही, पण ओल्या झुडपातून त्याची लांबलचक, वळणे घेणारी शीळ येत राहिली.

गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले आसपासच्या मोठ्या पक्ष्यांचे ऐकून गाणे शिकतात. शिकताना एखादा स्वर सुटतो, एखादी फिरत नव्याने येते, आणि डोंगराडोंगरांतली ये-जा थांबली की हे फरक पुसले न जाता पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. केरळ-तमिळनाडू सीमेवरील पालघाट खिंडीच्या दोन्ही बाजूंचे शोलाकिळी लाखो वर्षांच्या दुराव्याने आज वेगळ्या जाती मानले जातात. ती दरी निसर्गाची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती आपण पाडलेल्या दऱ्यांबद्दल. चेतना पुरुषोत्तम आणि व्ही. व्ही. रॉबिन या संशोधकांनी सहा ठिकाणच्या ३८ शोलाकिळींची ८३५ गाणी तपासून २०१६ साली निष्कर्ष मांडले. त्यांत गाण्यांचे तीन मोठे गट दिसलेच, पण ध्वनियंत्राच्या स्नायूंचे खास कसब लागणारे स्वर पाहिल्यावर, केवळ जंगलतोडीने अलीकडे तुटलेल्या पक्ष्यांच्या वस्त्याही एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या. जनुकीय चाचणीत न दिसणारी ताटातूट गाण्यात ऐकू येऊ शकते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते, कारण चहाचे मळे, निलगिरी आणि वॉटल या परदेशी झाडांची लागवड यांनी हे माथे तोडले त्याला जेमतेम दोनशे वर्षे झाली आहेत.

वनजमिनीच्या वनेतर वापराच्या प्रस्तावांत हेक्टर मोजले जातात, पण एका शोलातला पक्षी दुसऱ्यापर्यंत पोहोचतो का, हे विचारले जात नाही. म्हणून विनंती अशी की, या माथ्यांवरील कोणत्याही प्रस्तावाआधी तेथील शोलाकिळीच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण करून शेजारच्या वस्त्यांशी ते ताडून पाहणे बंधनकारक करावे, तुटलेल्या शोलांमधील दुवे स्थानिक झाडांनीच जोडावेत, आणि पर्यायी वनीकरणाच्या, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या बदल्यात होणाऱ्या लागवडीच्या, नावाखाली शोलांभोवतीच्या मूळ गवताळ उतारांवर एकही झाड लावू नये.

कळावे,
आपला नम्र,
सह्याद्रीत फिरणारा एक पक्षीनिरीक्षक