इंग्रजीच्या पुस्तकात शब्द एकदाच भेटतो आणि गायब होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, गेली नऊ वर्षं घरीच शिकवणी घेते. मराठी माध्यमाची तिसरी-चौथीची मुलं, बहुतेकांचे आईवडील दोघंही कामाला, त्यामुळे अभ्यास काय तो माझ्याकडेच होतो.

मागच्या महिन्यात एक चौथीतली मुलगी शाळेतून थेट माझ्याकडे आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "टीचर, आय ॲम अँग्री." मी घाबरले, म्हटलं काय गं, कोणी काही बोललं का तुला? तर ती पोटावर हात ठेवून नुसती बघतेय माझ्याकडे. तिला भूक लागली होती हो, हंग्री म्हणायचं होतं. आधी पोहे दिले आणि मग पुस्तक उघडलं. त्यात अँग्री, हंग्री, थर्स्टी, टायर्ड, सॅड असे सगळे शब्द एकाच चौकटीत, प्रत्येकाच्या वर एक चेहरा, आणि हंग्रीचा चेहरा आणि अँग्रीचा चेहरा मलासुद्धा सारखेच वाटले. स्पेलिंग मात्र तिला दोन्ही घडाघडा येतात, वहीत पाच-पाच वेळा लिहिलेली आहेत आणि टेस्टला दहापैकी दहा.

त्या रात्री जेवणं आटपल्यावर मी ते पुस्तक घेऊन बसले, पेन्सिलीने खुणा करत पान अन् पान बघितलं की हंग्री हा शब्द त्या चौकटीनंतर परत कुठे येतो. कुठेच नाही. थर्स्टी पण नाही. म्हणजे मुलीला तो शब्द आयुष्यात एकदा भेटला, तो पण गर्दीत, आणि आपण म्हणतो तिचं इंग्रजी कच्चं आहे! पुस्तक कुठलं ते मी लिहीत नाही कारण माझ्याकडे तीन-चार शाळांची मुलं येतात, वर्कबुकं पण वेगवेगळी असतात आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच तऱ्हा आहे.

सारखे शब्द एकत्र दिले की मुलांना सोपं जातं असं आपल्याला वाटतं, मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. पण टिंकहॅम आणि वेअरिंग या दोन अभ्यासकांनी 1990च्या दशकात प्रयोग करून दाखवलंय की एकाच गटातले नवे शब्द एकदम शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला उलट जास्त वेळ लागतो. ट्यूसडे आणि थर्सडे, किचन आणि चिकन, ज्याच्या घरात शाळेत जाणारं मूल आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरी बाजू बघा. माझ्याकडच्या एकाही मुलाला नेक्स्ट या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही. का? तर लोकलमध्ये लहानपणापासून प्रत्येक स्टेशनच्या आधी "पुढील स्टेशन", मग हिंदीत, मग "नेक्स्ट स्टेशन" ऐकतात. घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, स्टेशनचं नाव बदलतं पण नेक्स्ट तोच राहतो, आणि ऐकलं की लगेच ते स्टेशन खरंच येतं. कोणी पाठांतर घेतलं नाही, कोणी टेस्ट घेतली नाही. पुस्तकाने एवढंच करायला हवंय, शब्द पुन्हा पुन्हा आणला पाहिजे, वेगळ्या वाक्यात, वेगळ्या गोष्टीत आणि थोडे थोडे दिवस मध्ये सोडून.

आणि हे काही नवं नाही. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी शंभर वर्षांपूर्वी आपल्याच अखंड बंगालमध्ये, ढाक्याला काम करत होते. वाचनाच्या पुस्तकात नवे शब्द फार भराभर येतात आणि पुरेसे परत येत नाहीत म्हणून मुलं अडखळतात हे त्यांना तिथल्या शाळांत दिसलं, मग त्यांनी कमी नवे शब्द आणि त्यांची भरपूर पुनरावृत्ती अशी पुस्तकं बनवली. पुढे 1953मध्ये त्यांची सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांची यादी आली, जनरल सर्व्हिस लिस्ट, साध्या इंग्रजी मजकुरातले शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द तेवढ्यातच येतात. आणि आमची मुलं? आय फॉर इग्लू बालवाडीपासून पाठ, मुंबईत कोणी इग्लू बघितलाय देव जाणे, पण बिकॉज, अगेन, विदाउट आलं की वाचताना थांबतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. हे शब्द चित्रात काढता येत नाहीत म्हणून चौकटीत येत नाहीत, असं मला वाटतं.

मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं. पंचवीस वर्षं उलटून गेली. त्या वेळची पहिलीतली मुलं आता स्वतः आईबाप झालीत आणि ती पण पोरांकडून स्पेलिंगच पाठ करून घेतायत, कारण त्यांना तेवढंच माहीत आहे. शिक्षकांना मी दोष देत नाही. वर्ग भरलेला, पोर्शन संपवायचा, शाळेची इतर शंभर कामं, त्यात परत कुठले शब्द मागे राहिले ते त्या शोधत कधी बसणार? ते काम पुस्तक लिहिणाऱ्यांनीच करून द्यायला हवं.

म्हणून पाठ्यपुस्तक मंडळींना तुमच्या पेपरातून एकच विनंती करते. पुस्तकाच्या शेवटी जी शब्दांची यादी असते ना, त्यात प्रत्येक शब्दापुढे तो ज्या ज्या पानावर आलाय ते सगळे आकडे छापा. ज्या शब्दापुढे एकच आकडा दिसेल तो शब्द एकतर पुढच्या धड्यांत चार ठिकाणी आणा, नाहीतर त्या वर्षी देऊच नका.

आपली एक वाचक,
कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व, मुंबई